मुठीची पहिली हालचाल : एका स्क्रॅम्बलरची निवड

उतार फार मोठा नव्हता. सैल खडीचा, डावीकडे वळणारा, जेमतेम चाळीस मीटर लांबीचा. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून मी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली येत होतो आणि वळण संपता संपता इंजिनाला पुन्हा कामाला लावण्यासाठी मूठ केसभर पिळली. इंजिनाने मात्र ती केसभर घेतली नाही. आधी काहीच झाले नाही आणि मग एकदम धक्का बसला. मागचे चाक खडीवरून उजवीकडे सटकले आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. कोपराला खरचटले, क्लचची लिव्हर वाकली, एवढ्यावर निभावले. पण ज्या रस्त्याने मी वर्षानुवर्षे रोज जात होतो त्याच रस्त्यावर, चालण्याच्या वेगात, कोरड्या दिवशी मी पडलो होतो, आणि त्याचे कारण सापडेपर्यंत मला चैन पडणार नव्हते.

ती मोटरसायकल म्हणजे माझी पहिली स्क्रॅम्बलर. जुन्या धाटणीची, गोल दिव्याची, उंच एक्झॉस्टची. तिच्या कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण हा दोष त्या पिढीतल्या इंधन-इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांमध्ये कमी-अधिक प्रमाणात होता. पहिला संशय चेनवर गेला. मोजपट्टी लावून पाहिले तर चेनची ढील पन्नास मिलिमीटरच्या आसपास होती. पुस्तिकेत सांगितली होती ती तिसापर्यंत. अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमध्येही नको इतकी मोकळीक होती. दोन्ही गोष्टी नीट केल्यावर धक्का निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा पाना फिरवून जाणारा नव्हता, कारण तो इंधनाच्या नियंत्रणात होता. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असली की इंजेक्शनची यंत्रणा इंधन जवळजवळ बंद करते. मूठ पुन्हा उघडली की इंधन परत सुरू होते, आणि त्या क्षणी ओढ शून्यावरून हळूहळू न वाढता एकदम उडी घेते. इंजिनात हवा सोडणाऱ्या, केबलने थेट उघडणाऱ्या झडपेवर यंत्रणेचा ताबा नसल्याने ही उडी मऊ करायला तिला फारसा वाव मिळत नाही. डांबरावर टायर ती उडी पचवतो. खडीवर त्याच्या पायाखाली काही घट्ट नसते.

त्यामुळे गाडी बदलायचे ठरले तेव्हा माझा मुख्य प्रश्न आधीच ठरून गेला होता. किती अश्वशक्ती, किती वेग, दिवा कसा दिसतो, हे सगळे नंतर पाहायचे होते. बंद असलेला अ‍ॅक्सिलरेटर पहिल्यांदा उघडताना ही गाडी काय करते, हे आधी पाहायचे होते. स्क्रॅम्बलर ही मुळात रस्त्याचीच गाडी आहे. रस्ता संपल्यावर तिने गोंधळून जाऊ नये एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. हा शब्द १९२० च्या दशकात ब्रिटनमधल्या आडरानातल्या शर्यतींमधून आला. तेव्हा रस्त्यावरच्याच गाड्यांचे मडगार्ड आणि दिवे काढून, रुंद हँडल लावून, एक्झॉस्टची नळी दगड-पाण्यापासून वर उचलून लोक शेतांतून आणि टेकड्यांवरून धावत असत. आजच्या स्क्रॅम्बलरमध्ये त्यातले रूप तर हमखास येते. गुण किती येतो हे मात्र गाडी खडीवर नेल्याशिवाय कळत नाही.

माझा रोजचा रस्ता एका बाजूने एकवीस किलोमीटरचा आहे. त्यातले पंधरा डांबराचे आणि सहा खडी-मुरुमाचे. जी गाडी पाहायची ती याच रस्त्यावर, निदान अशाच रस्त्यावर चालवून पाहायची, असे मी ठरवले. विक्रेत्यांकडे चाचणीसाठी मिळणारी फेरी बहुधा दहा मिनिटांची आणि गुळगुळीत डांबरावरची असते, आणि तिच्यावरून माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. काही गाड्या ओळखीतल्या मालकांनी विश्वासाने हातात दिल्या, एक भाड्याने मिळाली, आणि दोन ठिकाणी विक्रेत्याला मनवून गाडी कच्च्या रस्त्यावर न्यावी लागली. सगळे मिळून तीन महिने गेले. प्रत्येक वेळी मी खिशात एक प्लास्टिकची केबल टाय ठेवत असे. फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या, चकचकीत नळीवर, रबरी सीलला टेकवून ती बांधायची. फोर्क दबला की सील तिला ढकलत नेतो आणि फेरीनंतर ती जिथे थांबलेली असते तिथून सीलपर्यंतचे अंतर मोजले की सस्पेन्शनने किती जागा वापरली ते कळते. कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा अनुभव यांच्यातले अंतर मोजायला याहून स्वस्त आणि खात्रीचे साधन मला माहीत नाही.

पहिली गाडी होती डुकाटी स्क्रॅम्बलर, दुसऱ्या पिढीची, आयकॉन नावाची. डुकाटीने मूळ स्क्रॅम्बलर १९६२ मध्ये अमेरिकी बाजारासाठी आणली. एका सिलिंडरची ती गाडी १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरनिराळ्या क्षमतांमध्ये बनत होती, आणि तेच नाव २०१४ मध्ये दोन सिलिंडरच्या ८०३ सीसी इंजिनावर परत आले. २०२३ साठी झालेला बदल बाहेरून पाहणाऱ्याला फारसा जाणवत नाही. टाकीचा आकार जवळजवळ तोच, दिवा गोलच, त्यात इंग्रजी एक्स अक्षराची खूण तशीच. आत मात्र बरेच काही नवे आहे. चौकट नवी आहे, मागचा सांगाडा आता वेगळा बोल्टने जोडलेला आहे, पूर्वी डाव्या बाजूला असलेला मागचा शॉकअप मध्यभागी आला आहे, क्लच लहान आणि हलका झाला आहे, आणि वजन चार किलोने उतरले आहे. इंजिन तेच हवेने थंड होणारे, प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असलेले, ७३ अश्वशक्तीचे. माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा बदल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल गेली आणि तिच्या जागी मुठीची हालचाल विजेच्या संकेताने वाचणारी यंत्रणा आली.

हा बदल कागदावर एका ओळीचा आहे. हाताला तो पहिल्याच वळणावर कळला. खडीच्या उतारावर मी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण सोडली, इंजिनाला गाडी ओढून धरू दिली आणि मग पूर्वीसारखीच केसभर पिळली. गाडीने ओढ घेतली, पण त्या ओढीला सुरुवातीची कड नव्हती. एखाद्या दाराला बिजागरीत तेल घातल्यावर ते जसे आवाज न करता उघडते, तसे ते होते. मी तो उतार चढून परत गेलो आणि पुन्हा उतरलो, आणि असे सात वेळा केले. कधी पहिल्या गिअरमध्ये, कधी पुढचा ब्रेक हलका धरून, कधी उभे राहून. मुठीची हालचाल आणि हवेची झडप यांच्यात आता गणित बसले आहे: पहिले काही अंश मूठ फिरली तरी झडप त्याच प्रमाणात उघडत नाही, आणि इंधन परत येण्याचा क्षण त्या मऊ भागात लपवला जातो. रोड आणि स्पोर्ट असे दोन मोड आहेत. स्पोर्टमध्ये हाच मऊ भाग आखडतो आणि खडीवर तो मला नकोसा वाटला. रोडवर ठेवून ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकाचे घसरून फिरणे आवरणारी यंत्रणा, खालच्या पातळीवर आणले की मागचे चाक जरासे फिरू देते आणि वेळेवर आवरते.

सस्पेन्शनबद्दल तितके कौतुक करता येणार नाही. पुढे-मागे दीडशे मिलिमीटरची हालचाल आहे, आणि त्या सहा किलोमीटरांनंतर केबल टाय १२८ वर थांबली होती. म्हणजे माझ्या रस्त्याला ते पुरते, पण हातचे फार थोडे उरते. पुढचे चाक अठरा इंचांचे आहे. मुठीएवढ्या दगडावर ते एकोणीस इंचांच्या चाकाइतक्या सहज चढत नाही, हा फरक मला नंतर दुसऱ्या गाड्यांवर बसल्यावर स्पष्ट कळला. मागचा टायर १८० मिलिमीटर रुंद आहे. तो डांबरावर शोभतो, सैल मुरुमात तो जमिनीत रुतण्याऐवजी वरून तरंगतो. पण इंधनासह गाडीचे वजन १८५ किलो आहे आणि सीटची उंची ७९५ मिलिमीटर. १६८ सेंटिमीटर उंचीच्या माझ्यासारख्या माणसाचे दोन्ही पाय तळव्यांसह टेकतात, आणि उतारावर गाडी अडली की याचे मोल समजते. जिने मला पाडले त्या गाडीला उचलताना कंबरेत भरलेली कळ मी विसरलो नव्हतो.

मग ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ९००. आधीचे स्ट्रीट स्क्रॅम्बलर हे नाव २०२३ पासून बदलून हे झाले. खरी तुलना हीच होती आणि तिच्यासाठी मी दोन वेगवेगळ्या दिवशी वेळ काढला. एक गोष्ट मला आधी पुस्तकात वाचून माहीत होती आणि इथे हाताने समजली. डुकाटीचे दोन सिलिंडर एकमेकांशी नव्वद अंशांच्या कोनात आहेत; ट्रायम्फचे शेजारी-शेजारी उभे आहेत, पण त्यांच्या क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, खुंट्या २७० अंशांनी सरकवलेल्या आहेत. परिणामी दोन्ही इंजिनांत ठिणग्यांमधले अंतर सारखेच पडते: एकदा २७० अंश, मग ४५० अंश. ठोक्यांची लय एकच, आणि तरी दोन्ही गाड्या खडीवर अगदी वेगळ्या वागतात. कारण ट्रायम्फचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८० न्यूटन-मीटरचा आहे आणि तो मिनिटाला अवघ्या ३,२५० फेऱ्यांवर मिळतो, डुकाटीचा ६५.२ आहे आणि तो ७,००० फेऱ्यांवर. म्हणजे मी ज्या वेगाने खडी उतरतो-चढतो त्या वेगात ट्रायम्फचे इंजिन आपल्या मुख्य ताकदीत असते, आणि डुकाटीचे अजून जागे होत असते.

यातून ट्रायम्फ अधिक धसमुसळी असेल असे मला वाटले होते, आणि ते चूक ठरले. तिची पहिली ओढ खोल आणि जड आहे, पण धक्क्याची नाही. तिथेही मुठीपासून झडपेपर्यंत केबल नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, ज्या वेगात डुकाटीला दुसरा मागावा लागला त्या वेगात, ती घुमत चढली. पाचच गिअर आहेत आणि सहाव्याची आठवण मला एकदाच, मोकळ्या डांबरावर झाली. ऑफ-रोड मोड निवडला की एबीएस (ब्रेक दाबताना चाक अडू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही बाजूला होतात, आणि खडीच्या उतारावर मागचे चाक हवे तेव्हा अडवता येणे ही ज्याला सवय आहे त्याच्यासाठी मोठी सोय आहे. एकोणीस इंचांचे पुढचे चाक दगडांवरून शांतपणे गेले. सर्व्हिसचे अंतर १६,००० किलोमीटर आहे. डुकाटीत सिलिंडरच्या झडपांची तपासणी १२,००० ला येते, आणि तिची झडपा उघडण्याबरोबरच बंदही करणारी डेस्मो यंत्रणा जाणत्या हातालाच द्यावी लागते. रोज चालवणाऱ्याने हा फरक नजरेआड करू नये.

दोन गोष्टींनी मात्र मला थांबवले. पहिली म्हणजे वजन, २२३ किलो. गाडी चालत असताना ते जाणवत नाही, कारण ते खाली आहे आणि सीट ७९० मिलिमीटरच आहे. पण त्या डावीकडच्या वळणावर मी मुद्दाम थांबलो, गाडी बंद केली आणि उतारावरच तिला ढकलून वळवण्याचा प्रयत्न केला. अडतीस किलोंचा फरक तिथे एका माणसाच्या मदतीइतका असतो. दुसरी गोष्ट सस्पेन्शनची: १२० मिलिमीटर. केबल टाय टोकाला जाऊन टेकली होती, आणि एका चरीत फोर्क तळाला लागल्याचा ठोका मनगटापर्यंत आला होता. वेग कमी ठेवला असता तर लागला नसता, हे खरे. पण मी माझ्या नेहमीच्या वेगातच होतो. उंच एक्झॉस्ट उजव्या मांडीला ऊब देते, सावकाश चालताना जरा जास्तच. ती ऊब त्या रूपाबरोबरच येते आणि ज्याला ते रूप हवे त्याने ती गृहीत धरावी.

त्याच कंपनीची १२०० एक्सई मी केवळ बसून पाहिली. सीट ८७० मिलिमीटर, सस्पेन्शन अडीचशे मिलिमीटरचे, पुढचे चाक एकवीस इंचांचे. आडरानासाठी खरी तयार झालेली स्क्रॅम्बलर कोणती असे कोणी विचारले तर मी तिचेच नाव घेईन. माझे मात्र पायांचे अंगठेच जमिनीला लागत होते. चालवण्याची इच्छा असूनही मी किल्ली परत केली.

ट्रायम्फच्याच स्क्रॅम्बलर ४०० एक्सविषयी मला जरा सविस्तर लिहायला हवे, कारण तिने मला सगळ्यांत जास्त विचारात टाकले. २०२३ मध्ये आलेली ही एका सिलिंडरची ३९८ सीसीची गाडी ४० अश्वशक्ती देते आणि १७९ किलोंची आहे. एक सिलिंडर म्हणजे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकच ठोका, आणि म्हणून फेरे कमी असताना अ‍ॅक्सिलरेटर उघडला की प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. मला वाटले होते की धक्का इथे सर्वाधिक जाणवेल. तसे झाले नाही, कारण ३७.५ न्यूटन-मीटर टॉर्क मागचे चाक सटकवण्याइतका एकदम येतच नाही. तो ६,५०० फेऱ्यांकडे चढत जातो. सैल खडीवर मी कुठल्याही गाडीपेक्षा हिच्यावर अधिक निर्धास्त होतो. उभे राहिल्यावर गुडघे टाकीला बरोबर लागत होते, हँडल हाताशी येत होते, एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही बंद करता येत होते, आणि दीडशे मिलिमीटरच्या फोर्कवर केबल टाय ११५ ला थांबली. सीट ८३५ मिलिमीटर असल्याने थांबताना एकच पाय नीट टेकत होता. हलकी गाडी असल्याने तेवढे चालून गेले. माझ्या सहा किलोमीटरांसाठी ती पहिल्या क्रमांकाची गाडी होती, हे मी तेव्हाही वहीत लिहिले आणि आजही मानतो.

अडचण उरलेल्या पंधरा किलोमीटरांची होती. तिथे अवजड वाहने असतात, चढ असतात, आणि मागे कोणी बसलेले असले की पुढे काढण्यासाठी दोन गिअर खाली यावे लागत होते. लागते तेवढी ताकद गाडीत आहे, पण ती दर वेळी मागून घ्यावी लागते. ज्याचा रस्ता माझ्या उलट प्रमाणात असेल, म्हणजे पंधरा खडीचे आणि सहा डांबराचे, त्याने हिच्या पलीकडे पाहण्याची गरज नाही.

होंडा सीएल ५०० ने मला वेगळ्या कारणाने प्रभावित केले. तिच्यात मोड नाहीत, निवडी नाहीत. ४७१ सीसीचे दोन सिलिंडर, १८० अंशांचा क्रँक, ४६ अश्वशक्ती आणि १९२ किलो वजन. अ‍ॅक्सिलरेटरची पहिली हालचाल इतकी स्वच्छ होती की मी पुन्हा एकदा स्वतःला आठवण करून दिली की मऊपणासाठी यंत्रणा महाग असावीच लागते असे नाही. नेमकी जुळवणी असली तरी बरेच साधते. तिचा ठोका मात्र सलग आणि सपाट आहे. खडीवर मागच्या चाकाखाली काय चालले आहे याची बातमी २७० अंशांच्या इंजिनाइतकी स्पष्ट येत नाही, असे मला तरी वाटले. नवख्याला मी हीच सुचवेन आणि सुचवलीही आहे.

रॉयल एनफिल्डची बेअर ६५० शेवटी हाताला लागली. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील बिग बेअर रन ही वाळवंटातली शर्यत एडी मल्डर या सोळा वर्षांच्या मुलाने रॉयल एनफिल्डवर जिंकली, त्यावरून हे नाव आले आहे. ६४८ सीसीचे इंजिन, ५६.५ न्यूटन-मीटर टॉर्क, पुढे एकोणीस इंचांचे चाक, फक्त मागचा एबीएस बंद करण्याची सोय. ही शेवटची सोय मला दोन्ही एबीएस बंद करण्यापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते: उतारावर पुढचे चाक अडता कामा नये आणि मागचे अडवता आले पाहिजे, आणि हे दोन्ही तिथे एकाच बटणात मिळते. ठोक्याची लय इथेही २७० अंशांची, ओढ मऊ आणि भरीव. पण २१६ किलो वजन आणि मागच्या सस्पेन्शनची ११५ मिलिमीटर हालचाल यांमुळे माझा हिशेब ट्रायम्फ ९०० वर थांबला होता तिथेच परत आला, शिवाय सीट ८३० मिलिमीटर. तिच्यावर डांबरावरून परत येताना मात्र मी ठरल्यापेक्षा लांबच्या रस्त्याने आलो.

निर्णयाच्या आधी मी डुकाटी पुन्हा मागून घेतली, या वेळी अर्ध्या दिवसासाठी आणि आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला असताना. पहिल्या फेरीत नवेपणाची भूल पडलेली असते, आणि पाच गाड्या चालवून झाल्यावर हात अधिक प्रामाणिक होतात. मला तीच गोष्ट पुन्हा पाहायची होती. ओल्या मुरुमाच्या उतारावर मूठ सोडली, पुन्हा उघडली, आणि मागच्या चाकाने माग सोडला नाही. त्यानंतर डांबरावर, वळणात गाडी कललेली असताना वाटेत वाळूचा पट्टा आला आणि मला ब्रेक घ्यावा लागला. कल लक्षात घेऊन काम करणारा एबीएस काय करतो ते मला त्या एका क्षणात कळले. लिव्हर बोटाखाली हलकी थरथरली आणि गाडी उभी न होता आपल्या रेषेत राहिली. नव्वद टक्के दिवस या यंत्रणेची गरज पडणार नाही. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी विचार करायला वेळ नसेल. मी संध्याकाळी होकार कळवला.

गाडी घरी आल्यावरचे काम बहुतेक लोक टाळतात आणि मला ते कळत नाही, कारण गाडी आपली होते ती तिथेच. पहिल्या रविवारी मी हँडल क्लॅम्पमध्ये सैल करून उभा राहिलो आणि मनगट सरळ येईपर्यंत ते जरासे पुढे फिरवले. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर थोड्या खाली आणल्या, म्हणजे उभे असतानाही बोटे न ताणता पोहोचतात. मग सॅग, म्हणजे चालकाच्या वजनाने गाडी किती खाली बसते ते, मोजला: गाडी हवेत उचलून मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे, मग पूर्ण पेहरावात तिच्यावर बसायचे आणि दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा घ्यायचे. फरक साधारण एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाइतका, म्हणजे दीडशेच्या हिशेबाने पन्नास मिलिमीटरच्या जवळ असावा. माझा ३८ आला, म्हणजे स्प्रिंग माझ्या ६८ किलोंसाठी जास्त आवळलेली होती. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगची ही आवळणी, कमी करून तो ४८ वर आणला. पुढच्या फोर्कला असे काही करता येत नाही. तो आहे तसा स्वीकारावा लागतो, आणि या गाडीबद्दलची माझी मुख्य तक्रार तीच राहिली आहे. चेनची ढील मात्र मी दर पाचशे किलोमीटरला मोजतो. जुन्या गाडीवर ती वेळेवर मोजली असती तर कदाचित मी पडलोही नसतो, हे मला माहीत आहे.

आता गाडीची पहिली मोठी तपासणी जवळ आली आहे आणि मागचा टायर बदलायला झाला आहे. १८०/५५ च्या सतरा इंची मापात खोल नक्षीच्या टायरांचे पर्याय मोजकेच आहेत, त्यामुळे मूळ टायरच पुन्हा घ्यायचा की डांबरावर थोडा आवाज सोसून खोल नक्षीचा, हे अजून ठरलेले नाही. त्या डावीकडच्या उतारावरून मी रोज दोनदा जातो, बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरमध्ये आणि हल्ली उभा राहूनच. केबल टाय फोर्कवर अजून तशीच बांधलेली आहे; काल संध्याकाळी घरी येऊन पाहिली तेव्हा ती १३१ वर होती.